टाइमप्लीज

कांजूरला, मिठागरांच्या मागे,
जिथे कंपनीची भिंत संपते आणि खाजणाचा वास सुरू होतो,
तिथे आमचं युद्धाचं मैदान :
सतरा टायर, सहा ड्रम, बसचा एक सांगाडा,
भोवती दुहेरी हिरवी जाळी.
जाळीचं प्रत्येक भोक मी सोमवारी बोट घालून तपासते.

शनिवार-रविवार मी पंच.
जाकिटावर मार्शल लिहिलंय,
पोरं मावशी म्हणतात.

बंदूक म्हणायचं नाही, मार्कर म्हणायचं.
नळीवर टोपी. ती निघेल जाळीच्या आत,
माझ्या शिट्टीनंतर.
आधी या यंत्रासमोर एक गोळी झाडून दाखवा :
सेकंदाला दोनशे ऐंशी फूट, वर एक फूटही नाही.
जास्त आला तर स्क्रू मी फिरवते,
तुमचा पाना तुमच्या खिशात राहू दे.
दहा पावलांच्या आत कुणी सापडला तर गोळी नाही,
नुसतं म्हणायचं, शरण ये.
लाजायचं नाही. मोठ्यानं म्हणायचं.
लागलेला रंग पुसून खेळणाऱ्याला
मी त्याच्या नखांवरून ओळखते.

आणि मास्क.
मास्कचं मी दोनदा सांगते.
घाम आला, धुकं चढलं, डास शिरला,
मास्क निघणार नाही.
लहानपणी मुठीला थुंकी लावून ओरडायचो ना टाइमप्लीज,
अख्खी गल्ली थांबायची
एका चपलेच्या तुटक्या अंगठ्यासाठी.
ते इथे नाही.
गोळीला कान नसतात.

परवा विमा कंपनीची माणसं आली.
त्यांचे टिपणीस साहेब बसच्या आड बसले,
मास्क कपाळावर चढवला
आणि काच पुसू लागले,
पेपर वाचता वाचता चष्मा पुसावा तसे.
मी शिट्टी मारली.
शिट्टी आणि थांबणं यांच्यात एक श्वास असतोच.
तेवढ्यात धावले, काही सुचलं नाही,
त्यांच्या डोळ्यांवर तळहात दाबला.
फट्.
हाताच्या पाठीवरून नारिंगी रंग कोपरापर्यंत ओघळला
आणि आतल्या बाजूला
एका परक्या पुरुषाच्या पापण्या
माझ्या तळव्यात फडफडत होत्या.

साहेब पहिलं वाक्य बोलले, हात कसा लावलात?
दुसरं, आम्ही पैसे भरलेत.
म्हटलं, मास्क घाला, मग भांडू.
घातला. मग भांडता आलं नाही त्यांना,
आतून सगळं बुडबुड ऐकू येतं.
पुढचे दोन डाव बाकावर बसवलं.
सिक्वेरा कानाशी आला, गिऱ्हाईक आहे, जाऊ दे.
शिट्टी गळ्यातून काढून त्याच्यापुढे धरली.
त्यानं घेतली नाही.

जिनं गोळी मारली ती पोरगी, नवीनच लागलेली,
टायरांमागून उठून आली,
मीच, मावशी, बोट सुटलंच नाही वेळेत.
रडत होती. काचेवर वाफ धरली होती, नाक गळत होतं,
पण मास्क तिनं काढला नाही.
म्हणून तिला खेळू दिलं.

माझ्या बापसानं याच आगरात
चाळीस वर्षं पांढरंशुभ्र ऊन खोऱ्यानं ओढलं.
काळा चष्मा मुकादमानं दिला नाही,
यानं मागितला नाही.
आता आवाजावरून माणूस ओळखतो.
रात्री ताट ठेवताना त्याला हाताची गाठ लागली,
चाचपत राहिला बराच वेळ.
कोनी मारला गो?
खेलान, बाबा.
बरं, म्हणाला, आणि मीठ मागितलं.

आज सोमवार.
एकोणचाळीस मास्क धुऊन दोरीवर टांगले.
चाळिसाव्याच्या काचेत केसाएवढी चीर आहे,
उजेडात धरली तरच दिसते.
सिक्वेरा म्हणेल, अजून एक मोसम निघेल.
त्याची रिक्षा यायच्या आत
मी कात्रीनं पट्टा कापला,
दोन्ही बाजूंनी.